दूध तोडणारी बाई

बाळ जेवत नाय म्हणून रडणारी आई बघायची असेल तर बेटेगावात आमच्या चाळीत या. कंपनीच्या बसा सुटायच्या वेळेला या. एका हातात डबा, कडेवर पोर आणि डोळ्यांत पाणी. बोईसरच्या कारखान्यांत नवरा-बायको दोघं कामाला, सासू राहिली गावाकडे, मग पोराला अंगावरून तोडायचं कोणी? दूध सोडवून वरणभातावर आणायचं कोणी? सांगणाऱ्याला सोपं वाटतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

अशी पोरं गोजराबाईंकडे यायची.

चाळ आमची. भाताच्या शेताच्या कडेला सासऱ्यांनी बांधलेली. मी मंगला, माहेर एडवणचं. तोंडानं मी फाटकी हाय असं आमचे हे, बळवंतराव, सगळ्यांना सांगत फिरतात. फिरू देत. गोजराबाई कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या, नवऱ्याबरोबर. पाथर्डीकडून लग्न होऊन आल्या त्या इथंच म्हाताऱ्या झाल्या. नवरा झुंबरभाऊ रंगाच्या कारखान्यात पोती उचलायचा. त्यात कंबर गेली, मशीनच्या आवाजानं कान गेले, आता दाराशी खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघतो. माणूस गरीब गायीसारखा. दोघांना लेकरू झालं नाय.

आणि हीच बाई दुसऱ्यांच्या पोरांना पहिला घास शिकवायची! एकदा नळावर एक शहाणी कुजबुजली, "जिला स्वतःचं झालं नाय, तिच्या हातचं पहिलं खाणं पोराला कशाला घालावं?" मी तिची बादली उचलली आणि बाजूला ठेवली. म्हटलं, "मग तू घाल की तुझ्या हातचं. तुझ्या हातचं पोर थुंकतंय रोज, ते काय मुहूर्त बघून थुंकतंय काय गं?" पुढच्याच सोमवारी पोर घेऊन गोजराबाईंच्या दारात उभी. मी आपली बघून न बघितल्यासारखं केलं.

गोजराबाईंची पद्धत अशी. आधी आईला घराबाहेर काढायचं. "तुझ्या पदराला दुधाचा वास हाय बाय. तू समोर ऱ्हायलीस तर ते माझ्याकडं कशाला बघंल?" मग पोराला मांडीवर घ्यायचं, तोंड दाराकडे. मऊ भात, वर डाळीचं पाणी, बोटांनी लोण्यासारखा कुस्करलेला. चमचा नाय. पहिला घास स्वतः खायच्या, मिटक्या मारत. दुसरा कावळ्याला दाखवायच्या. तिसऱ्याला पोरच हात पुढं करायचं. एखादं फारच हट्टी असलं तर कडुलिंबाचा पाला वाटून आईला द्यायच्या, छातीला लावायला. पोरानं तोंड लावलं की कडू. एकदोन दिवस रडारड, मग पोर आपणहून ताटाकडे. त्यांच्या आईनं असंच केलं होतं, आजीनंही. पोरं ताटावर आली की जायची आपापल्या घरी, बालवाडीत, गावाला. गोजराबाई पुढचं पोर मांडीवर घ्यायच्या.

स्वरा मात्र गेली नाय.

स्वराचे आईबाप साताऱ्याकडचे. ज्ञानेश एका केमिकल कंपनीत, स्नेहल औषधांच्या कंपनीत तपासणीला. आमच्याच चाळीत वरच्या खोलीत राहायचे. बाळंतपणाची रजा संपली आणि स्नेहलनं पोरीला गोजराबाईंच्या मांडीवर ठेवलं, ती साडेतीन वर्षांची झाली तरी त्याच मांडीवर. पोरीचा पहिला शब्द "आजी". "आई" नंतर म्हणाली, तेही शिकवल्यावर. जेवायची फक्त आजीच्या हातचं. रविवारी स्नेहलला सुट्टी असायची. हौसेनं काहीबाही करायची, शिरा, डोसा, बटाट्याची भाजी, आणि वाटी घेऊन पोरीच्या मागं चाळभर फिरायची. पोरगी ओठ मिटून भिंतीला टेकून उभी. संध्याकाळ झाली की स्नेहलच पोरीला खाली आणायची, वाटी गोजराबाईंच्या हातात द्यायची आणि तोंड फिरवून बसायची. भात तोच, वाटी तीच. पोरगी आजीच्या हातून मटामट खायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, तुझं काम हलकं झालं, रडतेस काय?" स्नेहल म्हणाली, "काकू, तिला भूक लागली की ती माझ्याकडे बघतच नाही." मी गप्प बसले म्हणजे विचार करा.

दिवाळी झाली आणि ज्ञानेशची बदली आली. त्याच्या कंपनीनं गुजरातमध्ये, दहेजला, नवीन कारखाना काढलेला. संक्रांत झाली की सामान हलवायचं. स्नेहल खाली आली तेव्हा मी गोजराबाईंच्या ओट्यावर सुकट निवडत बसले होते. स्नेहल उभ्या उभ्याच म्हणाली, "मावशी, इतक्या पोरांचं तुम्ही तोडलंत. आता माझ्या पोरीचं तुमच्यापासून तोडून द्या." आणि रडायला लागली.

गोजराबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "तोडते की. कामच हाय ते माझं."

ती वर गेल्यावर मला म्हणाल्या, "ताई, तिकडं माझा हात कुठनं आणायचा? ही खाणार न्हाई. परक्या गावात लेकरू उपाशी ऱ्हायलं तर मी हितं काय करू?" त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला हा एकच घोर. संक्रांतीच्या आत पोरीनं आईच्या हातचं खाल्लं पाहिजे.

त्याच दिवसांत तांबडी व्याली. तांबडी म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्री. कोणाची नाय, सगळ्यांची. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागं, पाच पिल्लं. मी कपाळावर हात मारला. भाडेकरूंची तक्रार ऐकायची कोणी? पण स्वरा टाकीपाशी जी बसली ती उठेना. पिल्लांचे डोळे उघडले, ती रांगायला लागली, त्यांना सुईसारखे दात आले. तांबडीच्या आचळांवर ओरखडेच ओरखडे. ती उठून चालायला लागली तरी पिल्लं लोंबकळतच. अंगात नुसत्या बरगड्या राहिलेल्या.

"हिचं तोडाया पायजे," गोजराबाई म्हणाल्या. "न्हाईतर ही मरंल."

मी म्हटलं, "आता कुत्र्यांचीही अंगणवाडी काढा!"

त्यांनी खरंच काढली. मऊ भात, त्यात अंडं कुस्करून, मीठ नाय, पेजेसारखं पातळ. वाटीत नाय दिलं, पसरट ताटलीत. पिल्लं ताटलीत चालत गेली. एक शिंकलं, एक तिथंच झोपलं, बाकीची एकमेकांच्या पायाला लागलेला भात चाटायला लागली. स्वरा हसून हसून लोळली. गोजराबाई बोट भातात बुडवून एकेकाच्या ओठाला लावायच्या आणि स्वराला सांगायच्या, "बघ, अशी जीभ बाहेर येती. एकदा चव कळली का झालं." तेवढ्यात तांबडी आली आणि सगळी ताटली तिनंच साफ केली. मग तिला लांब बांधायचं ठरलं, पिल्लं जेवेपर्यंत.

चार पिल्लं शिकली. पाचवं लहान होतं, काळं, स्वरानं त्याचं नाव भुंगा ठेवलेलं. ते ताटलीकडे ढुंकून बघायचं नाय. तांबडीला सोडलं की सरपटत तिच्या पोटाखाली.

ते एक पिल्लू स्वराच्या वळणावर गेलेलं, हे आमच्या दोघींच्याही मनात होतं. बोलून कोणी दाखवलं नाय. गोजराबाईंनी त्याच्यावर हट्टच धरला. स्वराला दाखवायचं होतं की बघ, हेही शिकलं. आणि एके सकाळी बघते तर काय, ही बाई पाट्यावर कडुलिंब वाटतेय.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"तांबडीसाठी."

"अहो, बायामाणसांचं औषध कुत्रीला लावताय? काय तरीच!"

"आईच हाय की ती बी," त्या म्हणाल्या. सगळ्या आचळांना पाला थापला, आणि तिनं चाटू नये म्हणून तिला तोंड वर राहील अशी आखूड दोरीनं बांधली.

पिल्लं आली, तोंड लावलं, मागं सरली. मोठी चौघं ओरडली आणि ताटलीकडे गेली. भुंगा तिथंच बसला. वास घ्यायचा, तोंड लावायचा, कुईं करायचा, परत लावायचा. गोजराबाईंनी बोटानं भात दिला, तो त्यानं घेतला नाय. कापसाच्या बोळ्यानं दूध घालून बघितलं, ते बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ओरडायचं सोडलं. तिसऱ्या सकाळी स्वरानंच आम्हाला हाक मारली. पिल्लू टाकीच्या कडेला गार पडलेलं. स्वरा म्हणाली, "आजी, भुंग्याला कडू लागलं?"

"व्हय बाय," गोजराबाई म्हणाल्या, "कडू लागलं."

तांबडीचीही दशा झालेली. दूध आतच साठलं, आचळं दगडासारखी, अंग तापलेलं, हात लावू देईना. आमच्या पोरानं, ललितनं, बोईसरहून गुरांचे डॉक्टर आणले. माणूस चांगला. ओरडले नाय. इंजेक्शन दिलं, पाला धुवायला लावला आणि म्हणाले, "आजी, एकदम तोडायचं नसतं. आधी एका वेळचं, मग दोन वेळचं. पिल्लू खायला लागलं की आई आपणच कमी करते. एकदम बंद केलं की अशक्त पिल्लू जातं आणि आईला गाठी होतात." गोजराबाई मान खाली घालून ऐकत होत्या. झुंबरभाऊंना ऐकू आलं नव्हतं, ते मला खुणेनं विचारत होते काय झालं. मी हातानंच काय नाय म्हटलं.

मग गोजराबाईंनी तांबडीला गरम पाण्याच्या फडक्यानं शेकलं, रोज, ती गुरगुरली तरी. हळूहळू गाठी विरल्या. तांबडी परत पिल्लांत जाऊ लागली, पण आता थोडाच वेळ द्यायची. दात लागला की गुरगुरायची, पिल्लाचं तोंड आपल्या जबड्यात धरून खाली दाबायची. पिल्लू कळवळायचं. स्वराला राग यायचा. "आजी, ती मारते त्यांना!"

"मारत न्हाई," गोजराबाई सांगायच्या. "दात लावत न्हाई ती. नुसतं भ्या दावती. मोठी झालीत ना ती आता."

नाक्यावरचा चहावाला रोज विचारायचा, "अम्मा, एक हमको दे दो ना." गोजराबाई म्हणायच्या, "पहिलं जेवू दे त्याला." चारही पिल्लं ताटली चाटूनपुसून खायला लागली तेव्हाच दिली. एक चहावाल्याला, एक ललितनं एडवणला मामाच्या वाडीवर नेलं, दोन सफाळ्याच्या भाजीवालीनं नेली. तांबडी दोन दिवस टाकीमागं हुंगत फिरली. नंतर नाक्यावर जाऊन झोपायला लागली.

भुंग्यानं गोजराबाईंच्या मनात धसका बसवला होता. स्वराचं काही केल्या एकदम तोडायचं नाय, असं त्यांनी ठरवलं. स्नेहलनं सुट्टी टाकली आणि त्या दोघींनी काय काय केलं म्हणून सांगू! आधी स्नेहल नुसती शेजारी बसायची. मग वाटी स्नेहलच्या हातात, घास आजीचा. मग गोजराबाईंनी आपल्या हिरव्या बांगड्या काढून स्नेहलच्या हातात घातल्या आणि पोरीला पाठमोरी बसवून स्नेहलनं मागून घास दिला. बांगड्या वाजल्या, पोरीनं तोंड उघडलं, घास घेतला. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पोरीनं तो घास गालातून काढून ओट्यावर ठेवला. तसाच्या तसा. दिवसभर गालात धरून हिंडलेली.

स्नेहल वर गेली आणि दार लावून घेतलं.

संक्रांत आली. तिळगूळ वाटले. टेम्पो ठरला. स्वरा आजीच्या हातचंच खात होती. गोजराबाईंची झोप उडाली, डोळे आत गेले. मी सांगितलं, "जाऊ दे तिकडं. भूक लागली की खाईल. पोटापुढं कोणाचं चाललंय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ताई, भुंग्याच्या पोटापुढं बी चाललं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोथिंबीर मागायला गेले आणि दारातच थांबले. गोजराबाई स्वराला भरवत होत्या. बोटं हिरवी दिसली. या बाईनं आपल्याच बोटांना कडुलिंब चोळला होता.

पोरीनं पहिला घास घेतला. तोंड वाकडं केलं. गिळला. दुसरा घेतला, डोळ्यांत पाणी आलं. "आजी, कडू आहे," म्हणाली. गोजराबाईंनी हात मागं घेतला. वाटलं, झालं, आता पोरगी उठणार. ती उठली नाय. गाल पुसले आणि तोंड परत उघडलं. "दे," म्हणाली.

गोजराबाईंनी दिला. काय करणार? पोरीनं तो कडू भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, रडत रडत, आणि वर आजीचं बोट चाटलं. एवढीशी पोर! मी कोथिंबीर न घेताच परत आले आणि घरात बसून ढसाढसा रडले. बळवंतराव विचारतात, कोण गेलं? काय सांगू त्यांना?

संध्याकाळी गोजराबाई आपणच माझ्याकडे आल्या. खाली बसल्या. "ताई," म्हणाल्या, "ही कडू बी खाती. ही माझ्या हातचं इख बी खाईल. आता एकच ऱ्हायलंय. तांबडीला जमलं ते मला बी जमाया पायजे."

"म्हणजे काय करणार?"

"मला वंगाळ व्हाया पायजे."

मी म्हटलं, "नको हो." पण जोर नव्हता माझ्या बोलण्यात. टेम्पो परवाचा होता.

सकाळी चाळीतल्या वैष्णवीची रिद्धी त्यांच्याकडे होती, नुकतीच बसायला लागलेली. गोजराबाईंनी तिला मांडीवर घेतलं, भात कालवला. स्वरा नेहमीसारखी धावत आली आणि मांडीच्या उरलेल्या जागेत बसायला गेली. गोजराबाईंनी तिला ढकललं. जोरात नाय, पण ढकललं. "व्हय तिकडं!"

पोरीला वाटलं, खेळच हाय. हसली, परत आली.

"सांगितलं ना!" असा आवाज त्या बाईच्या गळ्यातून मी कधी ऐकला नव्हता. चाळीतली दारं उघडली. "ही माझी हाय आता. तू न्हाईस माझी. जा तुझ्या आईकडं! हितं पाऊल टाकलंस तर बघ!" आणि रिद्धीला घास दिला. स्वराच्या डोळ्यांदेखत, त्याच हातानं.

स्वरा उंबऱ्यात उभी राहिली. रडली नाय. रिद्धीचं तोंड बघत होती, उघडतंय, मिटतंय. गोजराबाई एकेक घास देत राहिल्या आणि वर बघितलं नाय. झुंबरभाऊ खुर्चीतून उठले, काय चाललंय ते त्यांना कळेना, त्यांनी पोरीकडे हात केला. गोजराबाईंनी त्यांच्यावरही डोळे वटारले. मग पोरगी वळली आणि जिना चढून गेली, एकेक पायरी, कठड्याला धरून.

वैष्णवी मला म्हणाली, "काय बाई हाय ही! लहान पोरीवर कोण असं ओरडतं?" मी तिला असं फाडून खाल्लं की ती दोन महिने माझ्याशी बोलली नाय. नको बोलू दे.

दुपारभर वरच्या खोलीतून काही आवाज नाय. गोजराबाई दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून बसलेल्या, कान जिन्याकडे. "खाल्लं का बघा ना," मला म्हणाल्या. मी वर जाऊन आले. नाय खाल्लं. परत गेले. नाय. "मरंल हो ती," म्हणाल्या. "म्या परत तेच केलं. भुंग्यावाणी मरंल." उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीला हात घातला. मी तो हात धरला. मला माहीत होतं, आता त्या वर गेल्या तर सगळं पाण्यात.

दिवेलागणीला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. स्नेहल. हात खरकटे, केस सुटलेले. "मावशी! जेवली! माझ्या हातचं जेवली! मागून घेतलं तिनं, 'आई दे' म्हणाली!" गोजराबाईंच्या गळ्यातच पडली. हसत होती, रडत होती, हातातला भात गोजराबाईंच्या पाठीला लागत होता.

"बरं झालं बाय," गोजराबाई म्हणाल्या. "लई बरं झालं."

स्नेहल लगेच वर पळाली, पोरगी एकटी होती ना. माझा राग कोणावर काढू मला कळेना. स्नेहलवर कसा काढणार? तिची पोर तिला मिळाली. गोजराबाईंवर तर नायच.

टेम्पो आला, सामान चढलं. सगळी चाळ खाली. स्नेहल पोरीला घेऊन गोजराबाईंच्या दाराशी आली. "आजीला टाटा कर. आजीच्या पाया पड." स्वरानं आईच्या गळ्यात तोंड लपवलं. स्नेहलनं तिला खाली सोडायला बघितलं, तर ती घाबरून किंचाळली. "नको! नको!" म्हणत आईच्या खांद्यावर चढायला लागली.

"असू दे, असू दे," गोजराबाई घाईनं म्हणाल्या. "तिला भ्या वाटतंय. न्हे तिला." आणि आपणच आत सरकल्या, पोरीला दिसू नये म्हणून.

नंतर त्या जेवायच्या म्हणून जेवायच्या. रिद्धीला वैष्णवीनं दुसरीकडे ठेवलं. नवीन पोरं यायची, गोजराबाई भरवायच्याही, पण पहिल्या घासाला मिटक्या मारणं बंद झालं. मी रोज काहीतरी निमित्त काढून जायचे, बोलून बोलून हसवायला बघायचे. हसायच्या, माझं मन राखायला.

होळीच्या सुमारास स्नेहलचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. मी धावत गोजराबाईंकडे गेले, आवाज मोठा केला. स्नेहल खुशीत. नवीन घर, पोरगी शाळेत जाते, डबा पूर्ण संपवते. "मावशी, वजनही वाढलं! थांबा, बोलायला देते. स्वरा, ये, आजी आहे बघ बेटेगावची."

लांबून, स्वच्छ आवाजात स्वरा म्हणाली, "ती आजी नको. ती ओरडते."

"अगं, असं बोलतात का?" स्नेहल ओशाळली. "मावशी, लहान आहे हो, काहीही बोलते. विसरली सगळं."

"असू दे," गोजराबाई म्हणाल्या. "जेवती ना?"

"पोटभर."

"दोन्ही येळंला?"

"हो, दोन्ही वेळेला. माझ्या हातचं."

"मग झालं."

फोन मला दिला, चूल नीट करायला म्हणून आत गेल्या. मी म्हटलं, आपलं जरा बसावं इथंच. झुंबरभाऊंना काय ऐकू आलं नव्हतं, पण म्हातारा बायकोचं तोंड बघत होता. भात झाला. गोजराबाईंनी त्यांचं ताट वाढलं, आपलं वाढलं, आणि आपल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. भात निवला. मी म्हटलं, "घ्या ना दोन घास." त्यांनी मान हलवली.

तेव्हा झुंबरभाऊ उठले. त्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःचं ताट उचललेलं मी बघितलं नव्हतं. कंबर धरत धरत बायकोजवळ येऊन बसले. तिच्या ताटातला भात बोटांनी कालवला, वरण जास्तच पडलं, खाली सांडलं. घास केला आणि तिच्या ओठांशी नेला. ऐकू येत नाय ना, म्हणून मोठ्यानं बोलायची सवय. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खा गोजरे. एक घास. माझ्या हातचा खा."

गोजराबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.